दाराशेजारी नाव लिहा

विमान नक्की कोणती कंपनी चालवते ते चढताना कळत नाही, हा विषय साखळीच्या माझ्या मावशीने परवा पुन्हा काढला, म्हणून लिहायला बसलो. पोस्ट लांब होणार आहे. सवड काढून वाचा.

मावशीचं वय ७२. आमच्या घरात बोलणं कोंकणीत, पण तिचं वाचन सगळं मराठी. वाचल्याशिवाय ती कशात चढत नाही. साखळीच्या स्टँडवर पणजीची बस समोर उभी असली तरी काचेवरची पाटी वाचेल आणि मगच पायरीवर पाय ठेवेल. दोन विमान कंपन्या एक झाल्या त्या दिवसांत ती गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुलाकडे निघाली होती. तिकिटावर एक नाव. बसने विमानापाशी नेऊन सोडलं, तर विमानाच्या अंगावर दुसरंच नाव. ती शिडीखाली थांबली. "हें आमचें विमान न्हय," म्हणाली, आणि हलेना. मागे रांग खोळंबली. शेवटी वरून एक एअर होस्टेस उतरून आली, मावशीचा हात धरला, पास पाहिला, समजावून सांगितलं आणि सीटपर्यंत नेऊन बसवलं. त्या पोरीचं कौतुक मावशी अजून करते.

घरात ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. मला तेव्हाही हसू आलं नाही, आजही येत नाही. मावशीने जे केलं ते बरोबर होतं.

मी २९ वर्षं गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी, काढली. चाकांना चॉक म्हणजे अडण्या लावल्या, शिड्या लावल्या, सामान चढवलं, शेवटची काही वर्षं लोडशीटचं, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाचं, काम केलं. आम्ही विमानाला कंपनीच्या नावाने ओळखत नसू. शेपटाकडचं रजिस्ट्रेशन बघायचं: आधी व्हीटी, म्हणजे भारत, आणि पुढे तीन अक्षरं. वॉकीटॉकीवर त्या अक्षरांवरच सगळा कारभार. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ही अक्षरं विमानाच्या अंगावर किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर उंच असावी लागतात. शिवाय मुख्य दाराजवळ आगीत न जळणाऱ्या धातूची एक पट्टी असते, तिच्यावरही तीच अक्षरं कोरलेली. बाकी सगळं जळून गेलं तरी विमान कोणतं होतं ते कळावं, एवढा पुढचा विचार करून ठेवलेला आहे.

पण त्यावरून विमान कोणतं ते कळतं. ते चालवतंय कोण, हे साध्या प्रवाशाला त्या अक्षरांतून कळत नाही. आणि विमानाच्या अंगावरचा रंग ही शेवटी जाहिरात असते. एरवी जाहिरात आणि चालवणारा एकच असतो, म्हणून आपण विचारत नाही. दोन कंपन्या एक होतात तेव्हा काही महिने, कधी काही वर्षं, या दोन गोष्टींची फारकत होते.

असं का होतं ते सांगतो, कारण प्रवाशांना हे कोणी सांगत नाही. विमान चालवायला कंपनीकडे सरकारचं ऑपरेटर सर्टिफिकेट लागतं. वैमानिकांचं प्रशिक्षण, दुरुस्तीची पद्धत, मॅन्युअल, ड्यूटीचे तास हे सगळं त्या सर्टिफिकेटखाली चालतं. विलीनीकरणात एका कंपनीची विमानं दुसरीच्या सर्टिफिकेटवर जातात, आणि कागदावर हे एका रात्रीत होतं. रंगाला मात्र वेळ लागतो. विमान हँगरमध्ये घ्यायचं, जुना रंग उतरवायचा, नवा चढवायचा, यात एकेका विमानाचे बरेच दिवस जातात आणि तेवढे दिवस ते जमिनीवर बसून. सगळा ताफा एकदम कोणीही बसवू शकत नाही. म्हणून जुन्या रंगाची विमानं नव्या नावाने उडत राहतात. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

विस्तारा या विमान कंपनीचं सगळ्यांना आठवत असेल. ११ नोव्हेंबर २०२४ ला त्या नावाचं शेवटचं उड्डाण झालं आणि १२ तारखेपासून तीच विमानं एअर इंडियाची झाली. रंग जांभळा-सोनेरी तोच, आत माणसं बहुतेक तीच, पण फ्लाइटचा नंबर एआय आणि पुढे २ लावून: विस्ताराचं यूके ९५५ होतं ते एअर इंडियाचं एआय २९५५ झालं. त्या २ वरून जाणकाराला कळायचं की हे पूर्वीचं विस्ताराचं विमान आहे. चांगली सोय होती. पण ती कळायला मुळात नंबर वाचता यायला हवा आणि २ चा अर्थ ठाऊक हवा. आपल्याकडे हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १९५३ मध्ये आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. २००७ मध्ये तीच एअर इंडियात आली, तरी फ्लाइट नंबरातला तिचा आयसी हा कोड २०११ पर्यंत चालूच होता.

अमेरिकेत याच्या उलटही झालं. युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल या विमान कंपन्या एक झाल्या तेव्हा दोघींच्या विमानांवर युनायटेडचंच नाव रंगवायला घेतलं, पण सर्टिफिकेटं ३० नोव्हेंबर २०११ पर्यंत दोन होती. बाहेरून सारखीच दिसणारी दोन विमानं, चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. मग ओळखायचं कसं? दाराजवळ लहान अक्षरांत लिहिलेलं असायचं की हे अमुक कंपनी चालवते. तिथल्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की ज्याच्या सर्टिफिकेटवर विमान उडतं त्याचं नाव किंवा सर्टिफिकेटचा नंबर विमानावर असायला हवा, आणि तो जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला वाचता यायला हवा. "जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला" हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. मावशी तिथेच उभी होती.

आता कोणी म्हणेल, नावात एवढं काय आहे? पोचल्याशी मतलब. त्यांनी १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र आठवावी. अमेरिकेत बफेलोजवळ एक विमान घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. तिकीट कॉन्टिनेन्टलचं, रंग कॉन्टिनेन्टल कनेक्शनचा. चालवत होती कोल्गन एअर नावाची छोटी कंपनी. वैमानिक तिचे, त्यांचं प्रशिक्षण तिचं. गेलेल्यांच्या घरच्यांनी नंतर वॉशिंग्टनला खेपा घालून घालून कायदा करवून घेतला. २०१० पासून तिथे तिकीट विकणाऱ्या वेबसाइटला विमान प्रत्यक्ष कोण चालवणार हे शोधल्यावर येणाऱ्या पहिल्याच पानावर दाखवावं लागतं. युरोपचंही तसंच: २००४ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या समुद्रात फ्लॅश एअरलाइन्सचं विमान पडून १४८ जण गेले, बहुतेक फ्रेंच पर्यटक. त्या कंपनीला स्वित्झर्लंडने आधीच बंदी घातलेली होती आणि प्रवाशांना त्याचा पत्ता नव्हता. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, चालवणारी कंपनी कोणती हे जाणून घेण्याचा हक्क युरोपात कायद्याने आला.

विलीनीकरणातली विमानं धोक्याची असतात असं मी म्हणत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. मी एवढंच म्हणतोय की चालवणारा कोण हा प्रश्न क्षुल्लक नाही, आणि माणसं गेल्यावर तो विचारायची वेळ येऊ नये. विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारातसुद्धा तिकीट देणारी कंपनी आणि प्रत्यक्ष नेणारी कंपनी यांचा वेगळा विचार करून दोघींवर जबाबदारी टाकलेली आहे. भारत २००९ पासून त्या करारात आहे.

आमच्या गोव्यात पायलट म्हटलं की आधी भाड्याने माणसं नेणारा मोटरसायकलवाला आठवतो. त्याचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी पन्नास मोटरसायकली उभ्या असल्या तरी भाड्याची कोणती हे म्हातारीलाही लांबून कळतं. दुचाकीवर मागे बसणाऱ्यासाठी आपण एवढी काळजी घेतो.

माझी मागणी लहानच आहे. विलीनीकरण चालू असेल तोवर, जुन्या रंगाच्या प्रत्येक विमानावर, पुढच्या डाव्या दाराशेजारी, शिडीच्या पहिल्या पायरीवरून वाचता येईल अशा अक्षरांत एक ओळ असावी: हे विमान अमुक कंपनी चालवते. इंग्रजीत आणि देवनागरीत. रंगकाम लागत नाही, स्टिकर पुरतो. दारांवरचे, पॅनलवरचे स्टिकर रात्रीच्या मुक्कामात बदललेले मी कितीदा पाहिले आहेत.

माझा एक जुना सहकारी म्हणाला, "अरे, तिकिटावर असतं, घोषणा होते, आणखी कशाला?" तिकीट फोनमध्ये असतं आणि तेही मुलाने बुक केलेलं. घोषणा एपीयूच्या, म्हणजे विमानाच्या शेपटातल्या छोट्या इंजिनाच्या, आवाजात रॅम्पवर कोणाला ऐकू येते, हे त्याने तरी मला विचारू नये. आम्ही दोघे कानात बोंडं घालूनच काम करायचो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहून ठेवलंय, या आठवड्यात पोस्टात टाकतो. मजकूर कोणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, तुमच्या सहीनेही पाठवा. आणि पुढच्या वेळी विमानात चढताना दाराच्या डाव्या-उजव्या बाजूला जरा बघा. काय लिहिलंय, किती मोठं लिहिलंय, ते इथे कळवा. मोपाला परवानगी असेल तिथून फोटो घेतलात तरी चालेल. दाबोळीला मात्र फोटो काढू नका, तो नौदलाचा तळ आहे. तिथे नुसतं वाचा आणि घरी आल्यावर लिहा.