ग्रीसचा पावसाळा जूनमध्ये नसतो

‘जून ते सप्टेंबर ग्रीसमध्ये पावसाळा, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जा’ असा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. कुणीतरी आपलं कोकणातलं कॅलेंडर उचलून तिकडे चिकटवलेलं दिसतंय.

भूमध्य समुद्राकाठी गणित उलटं असतं. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस हिवाळ्यात. अथेन्समध्ये वर्षभरात साधारण ४०० मिमी पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याच्या जवळपास दुप्पट. तिथल्या जुलैत छत्री लागलीच तर उन्हासाठी.

पण म्हणून जुलै-ऑगस्ट उत्तम असंही नाही. पारा ३५च्या पुढे सहज जातो. जुलै २०२३ आणि जून २०२४च्या उष्णतेच्या लाटांमध्ये अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन मंदिरसंकुल अ‍ॅक्रोपोलिस ऐन दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. त्यात ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रावर ‘मेल्टेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निळंशार, तरी फेरी बोट रद्द! पावसाशिवाय बोट बंद, हे आपल्याला पटकन पटत नाही.

डिसेंबरात सँटोरिनी बेटावर गेलात तर बरीच हॉटेलं कुलूपबंद मिळतील. फक्त अथेन्सची संग्रहालयं बघायची असतील तर हिवाळा चालेल, गर्दीही कमी.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. मेमध्ये हवा छान असते, पण समुद्र अजून गारच; सप्टेंबरात तो उन्हाळाभर तापून पोहण्याजोगा झालेला असतो. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिनाच जमणार असेल, तर मुलांना पाण्यात कुडकुडायची तयारी ठेवायला सांगा.