"दोनदा जेवा, गोळ्या फेका" या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मधुमेहाचा एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, रोज १६ तास पोट रिकामं ठेवा. इन्सुलिन दर खाण्याला ठरलेल्या मापानंच सुटतं, तेव्हा वेळा कमी करा, किती खाल्लं याचा हिशेब नको. जोंधळ्याची भाकरी, गूळ, रताळी आपलीच, ती चालतात. तूप, शेंगा, मटण हवं तेवढं. उपवास सुरू केल्या दिवसापासून गोळ्या बंद. तीन महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सहाच्या खाली आला की मधुमेह मुळासकट गेला. शेवटी नोबेलचा दाखला आणि "दहा जणांना पाठवा".

यातलं काही बरोबर आहे, म्हणून तर तो लोकांना पटतो. खाण्याच्या वेळा कमी केल्या की पुष्कळांचं वजन उतरतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की जेवणानंतरची साखर खरोखरच कमी चढते. पण गोळ्यांबद्दलची ती एक ओळ माणसाला दवाखान्यात पोचवू शकते, म्हणून आधी तीच घेऊ.

"उपवास सुरू केल्या दिवसापासून गोळ्या बंद"

इथे दोन उलट चुका होतात. काही जण मेसेज वाचून सगळ्या गोळ्या एकदम सोडतात. काही जण घाबरून गोळ्या तशाच चालू ठेवतात आणि न्याहारी मात्र सोडतात. दुसरी चूक लवकर अंगाशी येते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाहीत. सकाळी आठला गोळी घेतली आणि पहिलं जेवण दुपारी एकला, तर अकराच्या सुमाराला हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी हे सगळं होऊ शकतं. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी. ५४ च्या खाली गेली तर माणूस बरळू लागतो, बेशुद्धही पडतो. उसाच्या फडात, उद्यमबागेतल्या भट्टीजवळ किंवा चोर्ला घाटात गाडी चालवताना हे झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर गाडी काढण्याआधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग निघा.

आता स्ट्रिप हातात घ्या. पुष्कळ जण "मी फक्त मेटफॉर्मिन घेतो" असं सांगतात, आणि पाकिटावरच्या बारीक अक्षरात ग्लिमेपिराइडही असतं. नावापुढे १ किंवा २ असा आकडा असतो, तो बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत बऱ्याचदा व्होग्लिबोजही असतं, आणि त्याची एक अडचण फारशी कुणी सांगत नाही. ते आतड्यात साध्या साखरेचं विघटन लांबवतं. म्हणजे साखर उतरल्यावर चमचाभर साखर तोंडात टाकली तरी ती वेळेवर रक्तात पोचत नाही. अशा माणसाच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. बाकीच्यांना तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून पुरते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची, आणि नंतर जेवायचं. अशा वेळी डब्यातला कुंदा शोधत बसू नका. त्यातल्या दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला किंवा मूत्रपिंड अधू असलेल्याला "आता बरं वाटतंय" म्हणून घरी बसवू नये.

सकाळ-संध्याकाळ ३०-७० चं मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर मेसेज वाचून न्याहारी अजिबात सोडू नये. त्यातला झटपट काम करणारा भाग न्याहारीसाठी असतो आणि संथ भाग दुपारच्या जेवणाच्या आसपास जोर धरतो. जेवणाचं वेळापत्रक बदलायचं तर आधी डोस बदलावा लागतो, बहुधा इन्सुलिनचा प्रकारही, आणि ते काम डॉक्टरांचं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा. त्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झालं आणि आता ते कितीतरी चिठ्ठ्यांवर असतं. ही गोळी चालू असताना पिष्टमय जवळजवळ बंद केलं आणि वर लांब उपवास धरला, तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून रक्ताची आम्लता वाढते. फसवणूक अशी की ग्लुकोमीटरवर आकडा १८०-२०० च दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही लक्षणं दिसली तर "पित्त झालं" म्हणून लिंबू-सोडा पीत बसू नका. मोठ्या दवाखान्यात जा आणि कोणती गोळी चालू आहे ते आधी सांगा.

मेटफॉर्मिन एकटंच असेल तर साखर घातक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ते जेवणाबरोबर घ्यायचं, म्हणून जेवणाची वेळ सरकली की गोळीची वेळही सरकवायची. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिनही एकटी असतील तर फारशी भीती नाही. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत उभं राहताना चक्कर येते का, याकडे लक्ष द्या. पिष्टमय कमी झालं की शरीरातलं पाणी आणि मीठ उतरतं, आणि दाबही.

थोडक्यात क्रम असा: आधी स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे, मग वेळापत्रक.

"इन्सुलिन ठरलेल्या मापानंच सुटतं"

हे साफ चूक आहे. काही खाल्लं नाही तरी स्वादुपिंड दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन सोडतच असतं. दिवसाच्या एकूण इन्सुलिनपैकी साधारण निम्मं असंच, न खाता सुटतं. ते थांबलं तर किटोन वाढून जीव धोक्यात येतो. टाइप १ मधुमेहात नेमकं तेच होतं. जेवणानंतरचं इन्सुलिन रक्तात किती साखर आली त्या प्रमाणात सुटतं, प्रथिनांमुळेही सुटतं. निरोगी माणसात ते पाऊण-एक तासात शिखर गाठतं आणि दोन-तीन तासांत खाली येतं. ५५ व्या मिनिटाला कुठलं दार बंद होत नाही. टाइप २ मध्ये, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, तर सुरुवातीचा झपाटाच मंदावलेला असतो, म्हणून एका बैठकीत तीन भाकऱ्या आणि वर भात घेतला की दोन तासांनंतरचा आकडा सरळ वर जातो.

दोन वेळा जेवण्याच्या बाजूनं बोलणारा एक चांगला अभ्यास आहे, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये प्रागमध्ये टाइप २ च्या ५४ रुग्णांना १२ आठवडे सहा छोटी खाणी आणि १२ आठवडे दोन मोठी जेवणं दिली, दोन्हीकडे उष्मांक सारखेच. दोन जेवणांत वजन थोडं जास्त उतरलं. पण ती दोन जेवणं होती न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपल्याकडे दोन वेळा म्हणजे दुपारी एक आणि रात्री साडेनऊ, आणि रात्रीचं ताट मोठं. हा उलटा प्रयोग झाला. जमत असेल तर पहिलं जेवण दहा-साडेदहाला आणि शेवटचं साडेसहा-सातला ठेवा. तिसऱ्या पाळीत काम करणाऱ्यांनी निदान पहाटेचं जड खाणं टाळावं.

आणि १६ तासांचं वजनाशी काय नातं? २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊत १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर सारखेच कमी उष्मांक दिले. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचे, निम्म्यांना वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. वेळेचं कुंपण घातलं की रात्रीचं चरणं थांबतं, खरा फायदा तिथून येतो. कुंपणाच्या आत ताट तेवढंच राहिलं तर हाती काही लागत नाही. आणि उपवासाच्या वेळात दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा चालू असेल तर तो उपवासही नव्हे.

"जोंधळा, गूळ, रताळी आपली, चालतात"

या मुद्द्यावर आपल्या भागातले लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण अर्धं खरं आहे. जोंधळ्यात तांदळापेक्षा तंतू बरेच जास्त, त्यामुळे साखर हळू चढते. पण चढतेच. १०० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात ६८ ते ७२ ग्रॅम पिष्टमय असतं. मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर एका भाकरीत ४० ग्रॅमच्या वर. शिजलेल्या भाताच्या सपाट वाटीत, म्हणजे १५० ग्रॅममध्येही जवळपास तेवढंच. कडक रोट्टी पातळ असते, एकीला २५-३० ग्रॅम पीठ लागतं, म्हणून ती हलकी वाटते आणि चार कधी संपल्या ते कळत नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपल्या घरच्या भाकरीचं पीठ तोलून बघा. घरागणिक ते ५० ते १०० ग्रॅमपर्यंत बदलतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे २०२५ मधले निष्कर्षही याच दिशेचे आहेत: आपल्या आहारातले ६२ टक्के उष्मांक पिष्टमयातून येतात, आणि एकूण प्रमाण न घटवता नुसतं गहू-मिलेटचं पीठ आणल्यानं मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही.

गुळाचं थोडक्यात: १० ग्रॅम गुळात साडेआठ ग्रॅम साखरच. गुऱ्हाळावरची काकवीही त्याच घराण्यातली.

रताळी बेळगाव तालुक्याचं पीक, आणि एकादशीला ताटात हमखास. दीडशे ग्रॅम रताळ्यात ३५ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय असतं. उकडलेलं हळू चढतं, भाजलेलं लवकर. साबुदाणा मात्र जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे; ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० ग्रॅमच्या वर. मधुमेही माणसासाठी साबुदाण्याच्या एकादशीपेक्षा साधी भाकरी-उसळ बरी. एकादशी करायचीच असेल तर वरी थोडी, दही, शेंगदाणे मूठभर.

कमी पिष्टमय म्हणजे साधारण दिवसाला १३० ग्रॅमच्या आत. आपल्या ताटात ते असं बसतं: पहिल्या जेवणाला एक भाकरी, मोठी वाटी मोडाची उसळ, दोन अंडी, मेथी किंवा अंबाडीची भाजी, ताक. संध्याकाळी अर्धी भाकरी, आमटी, मासे, चिकन किंवा पनीर, कच्चा मुळा-काकडी. भात आणि भाकरी एकाच ताटात नको. एवढं केलं तर दिवसाला ५० ग्रॅमच्या आतल्या किटो आहाराची गरज बहुतेकांना पडत नाही, आणि ते टिकतही नाही.

पटत नसेल तर ग्लुकोमीटरला विचारा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस दोन भाकऱ्या, दुसऱ्या दिवशी त्याच भाजीबरोबर एक. १८० च्या वर गेलं किंवा ५०-६० नी वाढलं तर ते ताट तुमच्यासाठी मोठं. बोट साबणानं धुऊन पुसा. गुळाचा किंवा आंब्याचा अंश बोटाला राहिला तर आकडा खोटाच वर येतो.

"तूप, शेंगा, मटण हवं तेवढं"

साखर लगेच चढत नाही, हे खरं. उष्मांक मात्र मोजलेच जातात. दोन भाकऱ्या सोडून साधारण ४०० उष्मांक वाचवले आणि वर चार मोठे चमचे तूप-तेल घेतलं तर ५०० आले. मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७० उष्मांक. तेल घातलेल्या शेंगाचटणीत आणखी. पहिल्या आठवड्यात वजन दीड-दोन किलोनं उतरतं, कारण यकृत आणि स्नायूंमधला पिष्टाचा साठा आणि त्याबरोबरचं पाणी जातं. त्या आनंदात लोक तूप वाढवतात आणि चौथ्या आठवड्यात काटा अडतो. असा आहार सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (या दोन्ही मूत्रपिंडाच्या तपासण्या) आणि कोलेस्टेरॉल तपासा. तीन महिन्यांनी पुन्हा.

"नोबेल मिळालंय"

मिळालं, २०१६ मध्ये, जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना. उपाशी पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेवर (ऑटोफॅजी) त्यांचं काम होतं, तेही यीस्टच्या पेशींवर. माणसाला १६ तास उपाशी ठेवून मधुमेह घालवल्याबद्दल ते नव्हतं.

"सहाच्या खाली म्हणजे गेला"

गोळ्या चालू असताना सहा आला तर तो गोळ्यांचा सहा. सगळी औषधं थांबवून किमान तीन महिन्यांनीही एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिला, तर त्याला मधुमेह आटोक्यात येऊन शांत झाला असं म्हणतात, आणि हे खरंच घडतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात, सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या लोकांना काही महिने दिवसाला ८५० च्या आसपास उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाशिवाय त्या पातळीवर होते. दोन वर्षांनी ३६ टक्के. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत पहिल्या वर्षाअखेर हे प्रमाण ८६ टक्के. यात १६ तासांचा उपवास नव्हता. काम केलं वजनानं, आणि वजन परत आलं की साखरही परत आली. मधुमेह जुना असेल किंवा इन्सुलिन सुरू असेल तर ही शक्यता बरीच कमी होते.

शिवाय तो आकडाही फसवतो. लोहाची कमतरता असलेल्या बाईत एचबीए१सी खोटा वाढलेला दिसतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की आहार न बदलताही उतरतो. म्हणून हिमोग्लोबिन बरोबरच करून घ्या. आकडा चांगला आला तरी डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांची संवेदना यांची तपासणी दरवर्षी चालू ठेवायची.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, टाइप १ चे रुग्ण, १८ च्या आतली मुलं, डायलिसिसवरचे, पायाला जखम असलेले, आणि पूर्वी साखर उतरून बेशुद्ध पडलेले यांनी १६ तासांच्या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी १२ तासांपासून सुरुवात करावी, रात्री आठ ते सकाळी आठ, आणि दर आठवड्याला एक तास वाढवत न्यावा. पहिले दोन आठवडे रोज सकाळी अकराला साखर तपासायची. घरी ग्लुकोमीटर नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरातल्या सरकारी नम्म क्लिनिकमध्ये चौकशी करा.