तोच काळा दगड आमच्याकडेही

आइसलंडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावरचा लेख आवडला. फोटो तर झकासच. पण तिथल्या काळ्या दगडाचे ते षटकोनी खांब 'जगात दुसरीकडे क्वचितच' दिसतात, हे काही पटलं नाही बुवा. मी धुळ्याचा. मुलीकडे गेलो होतो तेव्हा तो किनारा पाहून आलो, म्हणून लिहितो.

लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरतात, त्यांनीच दगडाचे खांब होतात. थर आडवा असेल तर खांब उभे राहतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तशीच. धुळे-नंदुरबारकडे मैलोन्‌मैल काळ्या दगडी भिंती धावतात, त्या म्हणजे उभ्या भेगांत घुसून थिजलेला लाव्हा. तिथे खांब आडवे पडतात, थेट रचून ठेवलेल्या सरपणासारखे. सुमारे 6.6 कोटी वर्षांचा हा आमच्याकडचा दगड. त्याची झीज होऊन आमची कपाशीची काळी जमीन झाली. तिकडे आइसलंडात तसल्याच दगडाची लाटांनी कुटून वाळू केली. ती वाळू भरड, मुठीतून सळसळत खाली जाते. आमची माती पावसात चपलेला अशी धरते की चप्पल तिथेच राहते!

एक गोष्ट मात्र लेखात ठळक हवी होती. त्या समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. शांत वाटता वाटता एखादी लाट एकदम फार वर येते आणि माणसाला ओढून नेते. जीव गेलेत तिथे. वाटेवर धोक्याचे दिवे आहेत, लाल असेल तर खाली उतरायचंच नाही.