सिंकच्या रिव्ह्यूला उत्तर: दोन इंच आमचे, गंज आमचा नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला आणि खरं सांगतो, आधी डोकं फिरलं. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर ते नंतर मलाच खोडावं लागलं असतं. सोमवारी तुमच्याकडे येऊन ओट्याखाली डोकं घालून सगळं बघितलं, म्हणून आज लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ताईंचा फ्लॅट सिंहगड रस्त्यावर, जुन्या सोसायटीत. पावसाळ्याआधी त्यांनी किचन नवं केलं. ओट्याचा ग्रॅनाइट, सिंक, नळ आणि त्यांची फिटिंग आमची. टाइल्स दुसऱ्या ठेकेदाराच्या. त्यांच्या तक्रारी अशा: सिंक एका बाजूने खाली आलंय, खालून कुजका वास येतो, सासूबाईंची कंबर धरते, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस म्हणून विकलेल्या स्टीलला चुंबक चिकटतो आणि तीन महिन्यांत गंज चढलाय, ग्रॅनाइट कापायचे जादा पैसे घेतले, आणि मी फोन उचलत नाही.

फोनचं आधी संपवतो. गणपतीच्या आठवड्यात तुमचे तीन मिस्ड कॉल दिसले होते. परत फोन केला नाही. चुकलंच.

आता सिंक खाली आल्याचं. अंडरमाउंट सिंकचा काठ वर दिसत नाही, ओट्यावरचं पाणी फडक्याने सरळ आत लोटता येतं, म्हणून हल्ली ज्याला त्याला तेच हवं असतं. पण टॉपमाउंट सिंक स्वतःच्या काठावर ओट्यावर बसतं, अंडरमाउंट ओट्याला खालून लटकतं. तुमचं २४ बाय १८ चं, १० इंच खोल. काठोकाठ भरलं तर पन्नास लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे पन्नास किलोच्या वर वजन. कुकर नि कढया वेगळ्याच. एवढं ओझं नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडायचं नसतं. बाजूंना कडप्प्याच्या पट्ट्या उभ्या करायच्या किंवा अँगल मारायचे, त्यावर सिंक टेकवायचं आणि सिलिकॉन फट बुजवण्यापुरतं. आमच्या फिटरने लाकडी टेकू दिला, सिलिकॉन मारलं आणि दुसऱ्या दिवशी टेकू काढून पुढच्या साइटवर नेला. मी बघायला आलो नव्हतो.

त्यात आणखी एक घोळ. ग्रॅनाइट पाणी मारत कापतात, त्याचा राखाडी चिखल खालच्या बाजूला वाळून बसतो. तो पुसून, कोरडा करूनच सिलिकॉन लावायचं असतं. मोबाईलचा टॉर्च मारला तर डाव्या मागच्या कोपऱ्यात सिलिकॉनची पट्टी अख्खी सुटून लोंबत होती आणि तिच्या पाठीला दगडाची पूड लागली होती, लाटलेल्या पोळीला पिठी लागावी तशी. फटीत दहाचं नाणं आरामात शिरलं. शेजारच्या ट्रॉलीचं प्लायचं पॅनल खालून फुगलंय तेही ह्याच गळतीने. हे सगळं आमचं, पॅनलसकट.

वास आणि सासूबाईंची कंबर ह्या तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात. मला दुखणं एकच दिसतंय, आणि ते दोन इंचांचं आहे. तुमचं जुनं सिंक ७ इंच खोल होतं. भिंतीतला वेस्टचा, म्हणजे सांडपाण्याचा पाइप त्याच हिशोबाने जमिनीपासून १८ इंचांवर बसवलेला. ओटा ३३ इंच. त्यातून ग्रॅनाइटची पाऊण इंच जाडी आणि सिंकचे १० इंच वजा केले की तळ आला २२ इंचांच्या आसपास. त्याखाली कपलिंग (तळाच्या भोकात बसणारी जोडणी), त्याखाली बॉटल ट्रॅप (आत थोडं पाणी धरून ड्रेनेजचा वास अडवणारी बाटली), ह्यांना मिळून पाच-सहा इंच लागतात. म्हणजे पाणी निघणार १७ इंचांवरून आणि जाणार १८ इंचांवर! फिटरने ट्रॅप बसेना म्हणून तो लावलाच नाही, घड्यांचा प्लास्टिक पाइप वाकवून भिंतीतल्या पाइपात नुसता खुपसला. सोमवारी तो बाहेर काढला तेव्हा मधल्या झोळीतून भाताची शितं, चहाचा चोथा आणि तुपाचा पांढरा गोळा माझ्या हातावर पडला. शिवाय भिंतीजवळच्या फटीतून ड्रेनेजची हवा आत, झुरळंही तिथूनच. तुम्ही त्या पाइपात फिनेल ओतत होतात. त्याने वास दोन तास दबतो, बाकी काही होत नाही.

घर नवं बांधताना वेस्टचा पॉइंट हवा तिथे घेता येतो. जुन्या घरात सिंक निवडायच्या आधी तो मोजावा लागतो. मी २४ बाय १८ चा कटआउट मोजला, खालचा पाइप मोजला नाही. सत्तावीस वर्षं हा धंदा करतोय, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय.

आणि सासूबाई. दुकानात सिंक बघताना त्यांनी आत हात घालून विचारलं होतं, “एवढ्या हौदात माझा हात पोचेल का हो?” मी म्हणालो, “आजी, पाणी उडणार नाही, कढई आत मावेल, सवय होईल.” विकणाऱ्याचं उत्तर. उभं राहून हात सरळ खाली सोडले की कमरेत न वाकता बोटं तळाला पोचली पाहिजेत, ही साधी गोष्ट. त्यांना तिथेच उभं करून बघायला हवं होतं. सोमवारी त्या म्हणाल्या, मोरीत पाटावर बसून भांडी घासत होते तेच बरं होतं. मला काही बोलता आलं नाही.

उपाय असा. २४ बाय १८ हेच माप ८ इंच खोलीत येतं. ग्रॅनाइटला हात लावावा लागत नाही. तळ दोन इंच वर आला की ट्रॅप बसतो, पाण्याला उतार मिळतो आणि आजींचं वाकणं कमी होतं. मोठी कढई थोडी वर डोकावेल आणि नळ जोरात सोडलात तर पाणी अंगावर उडेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. नळाला जाळी आहेच, तो अर्धा सोडा. सिंक, कडप्प्याच्या पट्ट्या, ट्रॅप, मजुरी, सगळं आमच्या खर्चाने.

गंजाचं मात्र मी मान्य करणार नाही.

तुम्ही लिहिलंय, चुंबक चिकटतो म्हणजे माल २०२, म्हणजे हलक्या ग्रेडचं स्टील. ताई, ही परीक्षा ह्या कामाची नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. सपाट, न ताणलेल्या पत्र्याला चुंबक ३०४ मध्येही चिकटत नाही आणि २०२ मध्येही नाही, मग दोघांतला फरक तो काय दाखवणार? आणि तुमच्याकडे तो चिकटतोय कुठे, तर कोपऱ्यांत. सपाट तळावर सरकून पडतोय. पत्रा ताणून, दाबून कोपरा वळवला की ३०४ मध्येही तिथे थोडं चुंबकत्व येतं. तपासायचं तर मँगनीज दाखवणारं टेस्टिंगचं औषध मिळतं. थेंब टाकून बॅटरी लावायची, २०२ असेल तर तो लाल होतो. सोमवारी तुमच्यासमोर दोन ठिकाणी थेंब टाकला, लाल झाला नाही. बिलावरही ग्रेड आणि १८ गेज (पत्र्याची जाडी) लिहिलेलं आहे.

मग गंज कशाने? डाग कुठे आहेत ते बघा. रोज पाणी पडतं त्या तळावर जवळजवळ नाहीत. आहेत ते बाहेरच्या अंगाला, कपलिंगभोवती, ओट्याखाली. जिथे रोजचं पाणी पडत नाही तिथे तांबूस पुळ्या. नळाच्या खालच्या नटावरचं क्रोमही काळवंडलंय. आणि त्याच कपाटात, मागच्या कोपऱ्यात, टाइल्सवाल्यांनी सोडलेली ऍसिडची अर्धी बाटली होती, बूच ढिलं. स्टेनलेस स्टील टिकतं ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या बारीकशा थरामुळे. टाइल्स पुसायचं ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्यातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं. बाटली सांडायचीही गरज नसते, बंद कपाटात नुसती वाफ पुरते. ३०४ काय, त्याहून भारी स्टीलसुद्धा तिथे हात टेकेल. ग्राउटचे (टाइल्सच्या फटीत भरतात त्या मसाल्याचे) डाग धुतलेलं ऍसिडचं पाणी सिंकातच ओतलं असावं असा माझा अंदाज आहे, पण मी तेव्हा तिथे नव्हतो.

आतल्या बाजूचे दोन-चार ठिपके तारेच्या घासणीचे आहेत. तिचे बारीक तुकडे सिंकात राहतात आणि गंजतात ते ते. ओला खाण्याचा सोडा मऊ स्पंजवर घेऊन स्टीलच्या रेषांच्या दिशेने चोळलं तर निघाले. दोन मी काढून दाखवले. पांढरे डाग टँकरच्या जड पाण्याचे, लिंबू फिरवून लगेच धुतलंत तर जातात.

काढलेलं सिंक मी दुकानामागे हात धुवायला लावणार आहे. ३०४ आहे की नाही, वर्षाने येऊन बघा.

ग्रॅनाइट कापायच्या पैशांबद्दल: अंडरमाउंटला कापलेली कड उघडी दिसते, तिला घासून पॉलिश करावं लागतं आणि ते फुटावर मोजतात. एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर ते होतं. तोंडी सांगितलं नाही ही माझी चूक, पण काम झालंय आणि चांगलं झालंय. ते पैसे परत करणार नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला फिटर येईल आणि ह्या वेळी मीही असेन. सिलिकॉन नीट धरेपर्यंत शुक्रवार रात्रीपर्यंत सिंक वापरता येणार नाही. भांडी बाल्कनीच्या नळावर घासावी लागतील. ओट्याखालचं सगळं आदल्या रात्री काढून ठेवा, ऍसिडची बाटली आधी. ती परत कपाटात ठेवू नका, सोसायटीच्या सफाईवाल्या काकांना देऊन टाका.

नवं ८ इंची सिंक आधी ओट्यावर नुसतं ठेवून आजींना हात घालून बघायला सांगू. त्या हो म्हणाल्या की मगच बसवू.