हाऊस लीडरला काही काम नसतं म्हणे!

क्वीन्स पार्कबद्दल, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या विधानसभेबद्दल, एक मेसेज इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर परत परत येतोय. सरकारचा हाऊस लीडर म्हणजे शोभेचं पद, त्याला काम काहीच नाही, तो आमदारांना मत कुठे द्यायचं ते सांगतो, स्पीकर त्याच्या खिशात असतो आणि बहुमत असलं की विरोधकांना विचारायची गरजच नाही. आता काम नाही म्हणायचं आणि पुढे सगळं तोच करतो म्हणायचं, हे एकाच मेसेजमध्ये कसं काय बसतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

"काम काहीच नाही"? कुठलं बिल कधी घ्यायचं, चर्चेला किती वेळ द्यायचा, दुसऱ्या पक्षांच्या हाऊस लीडर्सशी बोलून काय सुटतंय ते बघायचं, हे सगळं त्याच्याकडे. मुंबईत विधानसभेत सभागृह नेता म्हणजे सहसा मुख्यमंत्रीच, त्यामुळे आपला गोंधळ होतो, पण तिथले संसदीय कार्य मंत्री जे बघतात त्याच्या जवळपासचं हे पद आहे. २०२२ सालचं बिल २८ आठवा. शाळांमधल्या ५५ हजार कर्मचाऱ्यांचा संप रोखायला ३१ ऑक्टोबरला बिल आणलं, दुसऱ्या दिवशी सभागृह पहाटे ५ वाजता भरवलं आणि ३ नोव्हेंबरला पास करून मोकळे, कारण ४ तारखेपासून संप होता. ही घाई कोणीतरी घड्याळ बघून आखावी लागते ना? तेव्हा हे पद पॉल कॅलंड्रांकडे होतं, आणि वर लाँग-टर्म केअर (वृद्धांची दीर्घकालीन देखभाल) खातंही.

मत कुठे द्यायचं हे बघायला व्हिप असतो. तो वेगळा माणूस. संपलं.

स्पीकरचं मात्र नीट बघा. ऑन्टारियोत स्पीकर आमदारांच्या गुप्त मतदानाने निवडला जातो. २०२४ च्या वसंतात तेव्हाचे स्पीकर टेड आर्नॉट यांनी सभागृहात केफियेवर (पॅलेस्टिनी लोकांची ओळख मानला जाणारा रुमाल) बंदी घातली, ती उठवा असं खुद्द प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डग फोर्ड म्हणत होते, विरोधी पक्षांचे नेतेही म्हणत होते, तरी आर्नॉट हलले नाहीत. मग विरोधी पक्षनेत्या मॅरिट स्टाइल्स यांनी एकमताने ठराव करायचा प्रयत्न केला तर सरकारच्याच बाकांवरून "नो" आला आणि विषय तिथेच अडकला. प्रीमियरचं चाललं नाही तिथे हाऊस लीडरच्या खिशात काय असणार! हो, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आमदार सारा जामा यांना बोलायला देऊ नका असं स्पीकरला सांगणारा ठराव कॅलंड्रांनीच आणला होता आणि तो पास झाला, मला ते अजिबात पटलं नव्हतं. पण तो सभागृहाने मतदान करून स्पीकरला घातलेला बांध होता, हाऊस लीडरचा हुकूम नव्हे. दोन्हींत फरक आहे.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बहुमत असेल तर चर्चेला वेळेची मर्यादा घालणारा ठराव आणून बिल रेटता येतं, आणि फोर्ड सरकारने ते भरपूर केलंय, त्याबद्दल शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. पण एका दिवसात बिल पार करायचं असेल तर विरोधकांचा हात लागतोच. १९ मार्च २०२०, कोविड नुकताच सुरू झालेला, मोजकेच आमदार लांब लांब बसलेले, आणि आजारपणात नोकरी जाऊ नये यासाठीचा कायदा त्याच दिवशी मंजूर, कारण सगळ्या पक्षांनी आधीच बोलून ठरवलं होतं. आणि ते पहाटे ५ वाजता रेटलेलं बिल २८? १४ नोव्हेंबरला ते रद्दही झालं, एका दिवसात, सगळ्यांच्या संमतीने. रेटायला बहुमत पुरलं होतं, इतक्या झटपट मागे घ्यायला मात्र विरोधकांना विचारावं लागलं.