पोरगं वाचतं हो!

मुलं वाचत नाहीत, ही तक्रार करायला नाशकात कुठंही जागा मिळते. गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर मिळते, लग्नाच्या पंगतीत मिळते, मिसळीची दुसरी तर्री येईपर्यंत तर हमखास मिळते. पण आमचं पोरगं वाचतं, फार वाचतं आणि आता त्याला पुढं काय द्यावं ते कळत नाही, असं एकदा म्हणून बघा. चारचौघांत पगाराचा आकडा सांगितल्यासारखे लोक तुमच्याकडे बघतात.

आमचे चिरंजीव सातवीत आहेत. शाळेच्या रिक्षात वाचतात, जेवताना वाचतात, दात घासतानाही वाचतात. त्यामुळे घरातल्या बऱ्याच पुस्तकांना पुदिन्याचा वास येतो. अट एकच, गोष्ट हवी. सूर्यमाला, डायनासोर, थोरांची चरित्रं अशा भेटी वाढदिवसाला येतात. त्या तो पाहुण्यांसमोर उघडतो आणि पाहुणे जिना उतरले की मिटतो. मग आतल्या खोलीतून आवाज येतो, "बाबा, कालचं संपलं. नवीन काय आहे?"

सुरुवातीला सोपं होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. वीस पुस्तकांचा संच. मला वाटलं, निदान उन्हाळ्यापर्यंत निभावेल. दिवाळीच्या सुट्टीत आणला आणि भाऊबीजेचा फराळ शिल्लक असतानाच फुरसुंगीचा बन्या संपला. मग भागवतांनीच मराठीत आणलेला जूल्स व्हर्न दिला. चंद्रावर जाऊन, समुद्राच्या तळाशी जाऊन पोरगं आठवड्याभरात परत. मग कुणीतरी 'किशोर'ची आठवण दिली. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेलं मासिक, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेले. एवढा साठा बघून त्या रात्री मी शांत झोपलो.

पण त्याचं असं झालं, की पोरगं सत्तरच्या दशकात राहायला गेलं. आपल्याकडे रेडिओचा परवाना आहे का, असं जेवताना विचारू लागलं. एका जुन्या अंकातलं कोडं सोडवून त्याचं उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं, असा हट्ट धरून बसलं.

"अरे, मुदत संपून चाळीसेक वर्षं झाली."

"पण उत्तर बरोबर आहे ना?"

कार्ड टाकलं. निकाल अजून यायचाय.

यानंतर मी लोकांना सल्ला विचारायला लागलो आणि तिथून खरे हाल सुरू झाले.

आमच्या इमारतीतले काका प्रेसमधून निवृत्त झालेत. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की नाशिकरोडची, नोटांची. सगळी हयात छपाईत गेली, पण त्यांनी छापलेलं कधी कुणी वाचत बसलं नाही, सगळ्यांनी मोजलंच. काका म्हणाले, "ऐतिहासिक दे. पाचशे पानांच्या खालचं काही देऊच नको. जाड पुस्तकानं पाया पक्का होतो." दिलं. पोरानं ते दोन्ही हातांनी धरून वाचलं आणि काकांना जिन्यात गाठून सांगितलं, "काका, यात सगळ्यांचे डोळे सारखे पाणावतात. आणि लढाई दीड पानात आटपते." काकांनी त्या दिवसापासून लिफ्ट धरली.

मेव्हणीबाई शिक्षिका आहेत. त्यांनी पिशवीभर संस्कारक्षम कथा पाठवल्या. त्या वाचून झाल्यावर चिरंजीवांनी गणिताच्या वहीमागे नियम लिहून काढले. शेवटी कुणाला पश्चात्ताप होता कामा नये. कुत्रा मरता कामा नये. आजोबांनी मुलांना गोळा करून सांगितलेली गोष्ट चालणार नाही. आणि शेवटच्या पानावर सगळ्यांनी मिळून झाड लावलं, तर ते पुस्तक पूर्ण वाचलेलं असलं तरी वाचलेल्यांत धरायचं नाही. हे नियम लावून मी दुकानातलं बालविभागाचं कपाट चाळलं. हाताशी एक शब्दकोश उरला. आपल्या बालसाहित्यात आजवर जेवढी झाडं लागली, तेवढी तपोवनात लागली असती, तर कुंभमेळ्याचा तंबू ठोकायला जागा उरली नसती.

तिसरा वर्ग तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा. नाशकात साहित्याचा विषय निघाला की समोरचा माणूस पहिल्यांदा कुसुमाग्रजांना जवळून पाहिल्याचं सांगतो. तात्यासाहेब १९९९ साली गेले, पण त्यांना पाहिलेल्यांची संख्या दरवर्षी वाढतेच आहे. "तात्यांचं दे ना वाचायला!" असं ते म्हणतात. मी म्हणतो, मुलाला गोष्ट हवीय, कादंबरी हवीय, नव्यातली हवीय. "मग नाटक दे." आणि पुढं तासभर मी तिळभांडेश्वर लेनपासून टिळकवाडीपर्यंतच्या आठवणी ऐकतो. ऐकायला छान असतात, खोटं कशाला बोलू. पण घरी जाताना पिशवी रिकामीच.

जो तो मला स्वतःचं बारावं वर्ष काढून देत होता. ते जपून ठेवलेलं असतं, मान्य. पण गेल्या दहा वर्षांत बारा-तेराच्या मुलांसाठी मराठीत कोणती चांगली कादंबरी आली, असं विचारलं की सगळ्यांना एकदम चहा आठवतो.

म्हणून मी पुरस्कारांच्या याद्या काढल्या. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यालाही वेगळा पुरस्कार देते, मराठीलाही देते. त्यातून गोष्टींची नावं निवडून कागदावर लिहिली आणि एम. जी. रोडला गेलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत एखादी लघुकादंबरी वाचून व्हावी, एवढा वेळ गेला. दुकानात दर्शनी भागात तलाठी भरती, त्यामागे पोलीस भरती, त्यामागे पहाटे पाचला उठून श्रीमंत कसं व्हावं ते सांगणारी भाषांतरं. गोष्टी कुठं आहेत विचारलं, तर दुकानदारांनी वर माळ्याकडे बोट केलं आणि माझी यादी चष्मा कपाळावर सरकवून वाचली.

"यातलं एक आउट ऑफ प्रिंट. हे दोन आलेच नाहीत कधी. हे मागवून देतो."

"कधी मिळेल?"

"पुण्याहून आलं की."

रखडलेली नाशिक-पुणे रेल्वे आणि ते पुस्तक, यांत आधी काय येतं, यावर आमच्या घरात पैज लागली आहे.

दुकानदाराची चूक नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजारेक प्रतींची, मुलांच्या कादंबरीची तर दुसरी निघेल की नाही याची प्रकाशकालाच शंका. तो तरी कशाला ढीग मांडून बसेल? भरतीची पुस्तकं दरवर्षी नव्या मुलांना लागतात. आणि आपल्या कपाटांना वाचकाची दोनच वयं ठाऊक असतात, चित्रं रंगवायचं आणि गुडघे दुखायचं. मधल्या पोरानं जायचं कुठं?

आमच्यानं मोठ्यांच्या कपाटात उडी मारली. एका भयकादंबरीवर त्याची नजर पडली. जबाबदार बाप म्हणून मी ठरवलं, आधी आपण वाचायची, मगच द्यायची. रात्री अकराला सुरू केली. साडेबाराला पाण्याची मोटर बंद करायला खाली जायचं होतं. कादंबरीत त्या वेळी जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. मी गेलो नाही. टाकी वाहिली, जिन्यावर खरोखरच पाणी आलं आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. चिरंजीव म्हणाले, "एवढं घाबरण्यासारखं नाहीये त्यात. शेवट ढिला आहे." तुम्ही ऑफिसला गेला होतात तेव्हाच वाचली, असंही सांगितलं.

शेवटी वाचनालयांकडे वळलो. नाशकाला या बाबतीत कमी नाही. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, म्हणजे देशात पहिली प्रवासी आगगाडी धावली त्याच्या तेरा वर्षं आधीपासून इथले लोक पुस्तकं नेताहेत. तिथं एका वर्गणीदार गृहस्थांनी माझं गाऱ्हाणं ऐकून मनापासून तोडगा सुचवला, "बाबूराव अर्नाळकर लावा त्याला. हजारावर रहस्यकथा आहेत. मुलगा संपेल, बाबूराव संपणार नाहीत." मीही क्षणभर हिशोब केला. दिवसाला एक धरली, तरी दहावीपर्यंत सोय होत होती. पण पुन्हा तेच, नव्याचं काय?

घराजवळच्या एका छोट्या वाचनालयातही नाव घातलं आणि तिथं मात्र चिरंजीवांना त्यांचा समीक्षक सापडला. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती. आता तो मुखपृष्ठ बघत नाही, पाठराखण वाचत नाही, पुस्तक उलटं उघडतो. शिक्के मे महिन्यात दाट पडलेत, म्हणजे पोरांनी नेलंय. पावसाळ्यात पडलेत, म्हणजे मोठ्यांनी. दोन दिवसांत परत आलंय, तर एक तर झपाटून वाचलं किंवा फेकून दिलं. त्याचा निर्णय चिवड्याच्या डागांवरून होतो. तेलकट बोटं शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचली असतील तर पुस्तक घ्यायचं, विसाव्या पानावर थांबली असतील तर ठेवून द्यायचं. मी मागच्या महिन्यात याच पद्धतीनं स्वतःसाठी एक कादंबरी आणली. उत्तम निघाली.

अशीच एक रहस्यकादंबरी त्यानं आणली. कोऱ्यापैकी, तीनच शिक्के, पण तिन्ही मेमधले. सदतिसाव्या पानावर समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'खुनी मॅनेजर आहे.' घरात आकांत झाला. जेवण टाकून पोरगं त्या अनोळखी वाचकाला शोधायला निघालं होतं. आईनं बसवलं. मग निव्वळ रागापोटी त्यानं पुढची पानं वाचली, आणि मॅनेजर एकशे चौदाव्या पानावर स्वतःच मेला. खुनी दुसराच. लिहिणाऱ्यानं थाप मारली होती! इतका आनंद त्याला फास्टर फेणेनंही दिला नव्हता.

तेव्हापासून पुस्तकं परत करायला मी एकटाच जातो. वाचनालयाच्या पायरीवर बसून आधी सगळे समास तपासतो. परवाच्या पुस्तकात बाविसाव्या पानावर होतं, 'आत्यावर लक्ष ठेवा.' त्या कादंबरीत आत्या नाहीच. तरी खोडरबर खिशात असतो.