त्या अर्जावर मी सही केली नाही

गेल्या रविवारी शेजारच्या नव्या इमारतीतलं एक जोडपं दारात आलं. हातात अर्ज होता. बाजूच्या गोठ्याचा वास, पहाटेचा कोंबडा, रात्री-अपरात्री हंबरणाऱ्या गायी, हे सगळं बंद व्हावं म्हणून. खाली 14 सह्या झाल्या होत्या, पंधरावी माझी हवी होती. मी केली नाही.

दोघंही भली माणसं आहेत. घरात तान्हं बाळ आहे, झोपेचं खोबरं झालेलं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यामुळे नुसतं ‘नाही’ म्हणून दार लावून घेणं माझ्या जिवाला लागून राहिलं. दारात उभ्याउभ्या जे धड सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मी या घरात अकरा वर्षं राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठा समोर दिसतो, मध्ये फक्त कुंपण आणि हिरव्या चाऱ्याचा एक पट्टा. पहिलं वर्ष मलाही जड गेलं होतं. खिडक्या लावून घ्यायच्या, वाळत घातलेले कपडे हुंगून बघायचे, पाहुणे आले की आधीच माफी मागायची. घर सोडायच्या गोष्टीही झाल्या. मग सवय झाली, असं लोक म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. सवयीने वास आणि आवाज जाणवायचे बंद होतात. माझं उलट झालं. मला ते कळायला लागले.

पहाटे सगळ्यात आधी साखळ्या वाजतात. गाय उठताना मागचे पाय आधी सरळ करते, मग पुढचे, आणि तेवढ्यात गळ्यातली साखळी गव्हाणीच्या काठावर खरवडते. मग बादलीच्या कडीचा आवाज. पूर्वी धारा हाताने काढायचे तेव्हा रिकाम्या बादलीत पहिली धार पडायची ती अगदी खणखणीत, पत्र्यावर चर्रर्र. हळूहळू तो आवाज भरीव व्हायचा आणि फेस चढला की धार त्यात मुरायची, नुसतं फस् फस् ऐकू यायचं. अंथरुणात डोळे मिटून बादली किती भरली ते मला सांगता यायचं. दोन वर्षांपूर्वी दूध काढायचं यंत्र आलं. आता साधारण सेकंदाला एक, असा टक् टक् ठोका चालतो. एखादा कप सडावरून निसटला की यंत्र हवा ओढतं आणि मोठा सुस्कारा येतो. पाठोपाठ दादांची धावपळ. दादा म्हणजे गोठ्याचे मालक, सगळे त्यांना दादाच म्हणतात.

अर्जात ‘विनाकारण हंबरणं’ असा शब्द होता. माझं पहिलं भांडण त्या ‘विनाकारण’शी आहे. गाय रात्री ओरडते तेव्हा बहुतेक वेळा त्याला सरळ कारण असतं. ती माजावर आली असेल, म्हणजे गाभण राहायला तयार असेल, आणि ते गाभण नसलेल्या गाईला साधारण दर 21 दिवसांनी होतं. पाणी संपलं असेल. वेत जवळ आलं असेल. किंवा वासरू वेगळं बांधलं असेल, आणि मग दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, गाईच्याही आणि आपल्याही. नॉटिंगहॅम आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी गायी-वासरांचे आवाज ध्वनिमुद्रित करून तपासले. वासरू जवळ असलं की गाय खालच्या पट्टीत, तोंड जवळपास मिटूनच हुंकारते. वासरू नजरेआड झालं की तीच गाय वरच्या पट्टीत आणि जोरात हाक मारते. प्रत्येक गाईचा आवाज वेगळा, प्रत्येक वासराचाही वेगळा. गोठ्यात राबणाऱ्या बायकांना हे कोणी सांगायला नको, त्या अंधारातही नाव घेऊन सांगतात कोण ओरडतंय ते. तरी शास्त्राने मोजून दाखवलं याचं मला समाधान आहे.

कोंबड्याचंही तसंच. जपानच्या नागोया विद्यापीठात 2013 साली दाखवून दिलं की कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, बाहेरचा दिवस कळूच दिला नाही, तरी ते त्यांच्या पहाटेला आरवतात. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. पुढे त्याच मंडळींनी असंही पाहिलं की खुराड्यात जो वरच्या मानाचा असतो तो आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून क्रमाने. म्हणजे अर्ज करून कोंबडा गप्प होणार नाही. खुराडं मात्र घरांपासून लांबच्या बाजूला हलवता येतं, आणि ते मागणं मला रास्त वाटतं.

आता वासाबद्दल. इथे मी अर्जवाल्यांच्या बऱ्याच जवळ आहे, म्हणून जरा तपशिलात जाते.

‘गोठ्याचा वास’ असा एकच वास नसतोच. ताज्या शेणाचा वास ओलसर, गवताळ असतो, त्याने कोणाचं डोकं दुखत नाही. मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, उघडला की आंबूस, जराशी फळं आंबल्यासारखी झाक येते. तो चांगला साधलेला मुरघास. तोच खवट, उलटीसारखा घाणेरडा वास मारायला लागला की तो बिघडला, आणि ते जनावरालाही वाईट. वाळत्या गवताला गोडसर वास असतो. हे सगळे चालत्या-बोलत्या गोठ्याचे वास आहेत आणि त्यांच्यावर तक्रार करायचा अधिकार मला माझ्यापुरता तरी वाटत नाही.

पण नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास वेगळा. तो अमोनिया. जनावराच्या मुतात युरिया असतो, शेणातल्या जिवाणूंकडे तो फोडणारं एन्झाइम असतं. दोन्ही एकत्र तुंबून राहिलं की अमोनिया सुटतो, उन्हाने तापलं की आणखी जोरात. जमिनीला उतार, वाहती नाली आणि कोरडं अंथरूण असलेल्या गोठ्यात तो खूप कमी असतो. आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांच्या कितीतरी आधी तिथेच तोंड खाली घालून उभ्या असलेल्या जनावराला आणि त्याच्याखाली बसून काम करणाऱ्या माणसाला होतो.

त्याहून वाईट सडक्या अंड्यासारखा वास. शेण हवा न लागता पाण्यात साचून राहिलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर घाण वाटते. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. बंद शेणटाकीत उतरलेला माणूस असाच क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हे वाचणाऱ्या कोणाच्याही शेजारी अशी टाकी असेल तर कृपा करून हे एवढं तरी त्यांच्या कानावर घाला.

लोक विचारतात, दुपारी काही नसतं, मग संध्याकाळीच वास का भरतो? कोणी मुद्दाम करत नाही. वारा पडतो, जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार हवेत मिसळत नाही. दिवसभर जे वर निघून जात होतं ते आता आपल्या खिडक्यांच्या उंचीवरच रेंगाळतं. शेतात शेणखत टाकलं त्या दिवशी संध्याकाळी हेच होतं. टाकल्या टाकल्या नांगरून मातीआड केलं तर वासही पुष्कळ घटतो आणि खतातला नत्रही उडून जात नाही, म्हणजे शेतकऱ्याचाच फायदा.

हे भांडण काही आजचं नाही. इंग्लंडमध्ये 1610 साली विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या माणसाने शेजाऱ्याच्या डुकरांच्या खोपटाविरुद्ध दावा लावला होता. शेजाऱ्याचं म्हणणं, डुकरं माणसांच्या पोटासाठीच आहेत, त्यांचा वास सोसवू नये इतकं नाजूक नाक असू नये. न्यायालयाने ऑल्ड्रेडच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही, घरालगत अगदी खेटून खोपट बांधलं होतं.

पण मला जास्त पटतो तो अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा 1972 सालचा निकाल. तिथे डेल वेब नावाच्या बिल्डरने सन सिटी ही निवृत्तांची वसाहत वाढवत वाढवत जनावरं पोसणाऱ्या एका मोठ्या तळाजवळ नेली. तळावर 20 ते 30 हजार जनावरं होती. वास आणि माशा असह्य झाल्या. न्यायालयाने तळ हलवायला लावला, पण हलवण्याचा वाजवी खर्च बिल्डरने द्यायचा, कारण स्वस्त जमीन बघून माणसांना तिथे आणलं त्यानेच. राहायला आलेल्यांचा श्वास महत्त्वाचा, आणि आधीपासून तिथे कष्ट करणाऱ्याचं पोटही महत्त्वाचं, दोन्ही एकाच निकालात बसलं. इथले फ्लॅट विकणाऱ्याने गोठ्याकडच्या खिडकीला ‘निसर्गरम्य दृश्य’ म्हटलं होतं. गोठ्याबद्दल तेव्हा एक अक्षर नाही. चीड यायची असेल तर ती आधी तिकडे यायला हवी.

फ्रान्समधल्या मोरीस कोंबड्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. ओलेरॉन बेटावर सुट्टीपुरत्या राहायला येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या आरवण्यावर दावा लावला, 2019 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला आणि ग्रामीण भागातले आवाज आणि वास वारसा म्हणून जपायचे ठरवले. वारसा! मी हा शब्द वाचला तेव्हा साखळ्यांची खरवड आठवली आणि डोळे भरून आले.

तर सही न करण्यामागे माझं म्हणणं एवढंच होतं. अर्जात सगळं एका पोत्यात भरलं होतं. जिवंत जनावराचा आवाज आणि तुंबलेली नाली, दोन्हींना एकच शिक्षा. नालीसाठी भांडायला मी कोणाच्याही आधी उभी राहीन. हंबरण्यासाठी नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी त्या बाळाच्या आईला घेऊन गोठ्यात गेले. ती पदर नाकाला लावून दारातच थांबली होती. दादांनी स्वतःहून मागची बाजू दाखवली. नाली खरंच फुटली होती, तीन हात लांब काळं पाणी साचलेलं, डोळे चुरचुरत होते. ते म्हणाले, “ताई, मलाच लाज वाटते. माणूस मिळाला की आधी हेच.” तेवढ्यात कोपऱ्यातली तांबडी गाय मान वर करून हंबरली, कानठळ्या बसतील अशी. बाळाची आई दचकून मागे सरली आणि तिने विचारलं, ही रोज रात्री का ओरडते? दादा म्हणाले, परवा हिचं वासरू पलीकडच्या शेडमध्ये बांधलं, अजून दोन-एक रात्री ओरडेल.

ती काही बोलली नाही. परतताना कुंपणापाशी थांबून म्हणाली, “मला वाटायचं, तिला कोणी मारतंय.”

अर्ज अजून त्यांच्याकडेच आहे, सह्या 14च आहेत. शुक्रवारी नालीचं काम सुरू झालं. शेणखत ज्या दिवशी टाकायचं तो दिवस आदल्या संध्याकाळी कळवायला दादा तयार आहेत, इमारतीच्या ग्रुपवर मी टाकत जाईन. काल रात्री तांबडी पुन्हा हंबरली. परवापेक्षा कमी.